मसाई मारा पहिल्यांदा बघायला निघालाय? मग आधी गवत बघा

ओळखीतलं कोणीही केनियाला निघालं की प्रश्न दोनच असतात. बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) दिसतील ना, आणि ते नदीवालं क्रॉसिंग, म्हणजे विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या जनावरांचे कळप मारा नदी ओलांडतात ते, दिसेल ना. मी पण पहिल्यांदा हेच विचारत गेलो होतो, त्यामुळे हसणार नाही कोणाला. पण दोनदा जाऊन आल्यावर माझं मत पक्कं झालंय की मारामध्ये काय दिसणार हे तुमच्या नशिबापेक्षा त्या महिन्यातलं गवत ठरवतं, आणि गवत कसं असणार हे पाऊस ठरवतो. पहिल्यांदा मी गेलो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, कारण सुट्टी तेव्हाच मिळाली. गवत कमरेएवढं. सिंहीण गाडीपासून वीस फुटांवर आणि आम्हाला दिसतायत फक्त दोन कान. दुसऱ्यांदा गेलो फेब्रुवारीत, कारण स्वस्त पडत होतं, आणि गवत पोटरीएवढं असल्यामुळे एकाच सकाळी चित्ता, सर्व्हल नावाचं ठिपक्यांचं रानमांजर, मोठ्या कानांचे बॅट-इअर्ड फॉक्स सगळे उघड्यावर बघितले. जागा तीच आणि गाडीही तशीच, बदललं होतं फक्त गवत.

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे एकेक करून लिहितोय, याच क्रमाने वाचलंत तर बरं.

स्टेप १ : नकाशा नीट बघून घ्या

मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह केनियाच्या नैऋत्येला, नारोक काउंटीत. क्षेत्रफळ साधारण १५१० चौरस किमी. खाली टांझानियाची हद्द लागते आणि पलीकडे सेरेंगेटी, ते जवळपास १४,७०० चौरस किमीचं, म्हणजे मारा हा त्या मोठ्या माळाचा उत्तरेकडचा छोटा तुकडा आहे. मध्ये कुंपण नाही, जनावरं पासपोर्टशिवाय जा-ये करतात, आपण मात्र नाही करू शकत. माराच्या पश्चिमेला ओलोलोलो नावाची लांबलचक कड आहे, आपल्या सह्याद्रीच्या कड्याची आठवण येईल अशी, आणि ती कड नि मारा नदी यांच्यामधला भाग म्हणजे मारा ट्रँगल. उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव रानं, आहेत, मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी वगैरे. हे आत्ता कोरडं वाटेल पण बुकिंग करताना उपयोगी पडतं, कारण रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालता येत नाही आणि रात्री फिरता येत नाही, कॉन्झर्व्हन्सीत दोन्ही चालतं. गर्दीही कमी असते, पण खिसा जास्त हलका होतो.

मारा हा शब्द मसाईंच्या मा भाषेतला, अर्थ ठिपक्याठिपक्यांचं. कड्यावरून खाली बघितलं की कळतं, पिवळ्या माळावर झाडा-झुडपांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके.

स्टेप २ : महिना ठरवा, म्हणजेच पाऊस समजून घ्या

विषुववृत्त अगदी जवळ आहे, दीड अंश दक्षिणेला, त्यामुळे लोकांना वाटतं भाजून निघणार. तसं काही नाही. मारा दीड हजार मीटर आणि त्याच्यावर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. दिवसा २५-२८ डिग्री, पहाटे १२ च्या आसपास, आणि उघड्या छताच्या गाडीत सकाळी साडेसहाला वारा लागला की ते १२ चे ६ वाटतात. माझ्या बायकोने पहिल्या सकाळी हॉटेलचं ब्लँकेट गुंडाळून सिंह बघितला. वर्षभर दिवस-रात्र जवळपास सारखी, आपल्यासारखा कडक उन्हाळा आणि थंडी असा मोठा फरक नाही. तिथे ऋतू म्हणजे पाऊस आहे की नाही, एवढंच.

आणि पाऊस दोनदा येतो. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबर छोटा पाऊस. जून ते ऑक्टोबर कोरडं, जानेवारी-फेब्रुवारी मधली उघडीप. आपल्या मान्सूनसारखी दिवसभर झड लागत नाही सहसा, सकाळ लख्ख असते, दुपारी ढग चढतात आणि तीन-चारला धो धो कोसळून मोकळं. पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवर आहे ना, त्याची वाफ इकडे येते, म्हणून वायव्येकडे पाऊस जास्त, वर्षाला १२०० मिमीच्या आसपास, आणि आग्नेयेकडे ८०० वगैरे. पुण्यात याहून फार कमी पडत नाही, पण आपला सगळा चार महिन्यांत संपतो आणि मग माळ वाळून कोळ. तिथे तो वर्षात दोनदा विभागून येतो, कोरड्या महिन्यांतही एखादी सर येऊन जाते, म्हणून मारामध्ये गवत टिकतं आणि दक्षिणेची सेरेंगेटी वाळली की सगळी जनावरं इकडे वर येतात.

मग कधी जायचं? माझं सरळ मत सांगतो. क्रॉसिंगच बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, गर्दी आणि पैसे दोन्हीची तयारी ठेवून. मांजर घराण्यातली जनावरं नीट बघायची असतील, लहान मुलं बरोबर असतील, बजेट बेताचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. जूनच्या शेवटी ते जुलैची सुरुवात शक्यतो टाळा, मोठ्या पावसाचं गवत उभं असतं आणि ते खाणारे अजून आलेले नसतात. एप्रिल-मे स्वस्त, हिरवंगार, पण रस्त्यांची वाट लागलेली असते, आणि ती का ते आता.

स्टेप ३ : माती आणि गवत

आपल्या लोकांना हे सांगायची खरं तर गरज नाही, कारण माराच्या मोठ्या भागात काळी माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच वागणारी. उन्हात भेगा, पावसात चिकट गाळ. शेतात वाफसा यायच्या आत बैलगाडी घातली की काय होतं ते ज्यांना माहितीय त्यांना लँड क्रूझर का फसते ते विचारावं लागणार नाही. आणि हीच माती झाडं कमी असण्याचं एक कारण आहे, ओल्यात पाणी धरून बसते आणि सुक्यात फाटते, कोवळ्या झाडांची मुळं त्यात तग धरत नाहीत, गवताची धरतात.

सगळ्यात जास्त दिसणारं गवत म्हणजे रेड ओट ग्रास, शास्त्रीय नाव थीमेडा ट्रायँड्रा. पिकलं की तांबूस होतं, सकाळी तिरपं ऊन पडलं की सगळा माळ तांब्याच्या रंगाचा दिसतो. हे गवत भारतातही आहे. त्याला कुसळं असतात, मोज्यांमध्ये घुसतात, ते घरी आल्यावर समजतंच. या गवताची गंमत अशी की ते चरलं किंवा जळलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं, उलट वर्षानुवर्षं कोणी हातच लावला नाही तर खालचा भाग कुजून मागे पडतं. म्हणजे जनावर गवतावर जगतं तसं गवतही जनावराच्या तोंडावर टिकलंय.

तुम्ही करायचं काय, तर दर सकाळी निघताना गवताची उंची बघायची. गुडघ्याच्या वर असेल तर चित्ता शोधत बसू नका, हत्ती-म्हशी-जिराफ बघा. कुठे नुकतं जळालेलं किंवा चरून आखूड झालेलं हिरवं दिसलं तर तिथे थांबा, तिथे थॉम्सन गॅझेल असणार आणि गॅझेल असली की चित्ता लांब नसतो. वारुळं पण बघत चला. मारामध्ये वारुळं भरपूर आहेत, टोपी नावाचं चकचकीत तांबूस जनावर त्याच्यावर पहारेकऱ्यासारखं उभं राहतं, चित्ताही चढून लांबवर बघतो. आणि गंमत बघा, पहिल्या दिवशी मला जे जे चित्ते दिसले ते सगळे वारूळ निघाले!

स्टेप ४ : झाडं

यात गोंधळायचं नाही, चार-पाच ओळखली तरी बास.

माळावर एकटं, छत्रीसारखं, सगळे फोटो काढतात ते झाड बहुतेक वेळा बाभूळ असेल असं आपण धरून चालतो, पण मारामध्ये ते बऱ्याचदा बॅलानायटीस असतं, म्हणजे आपलं हिंगणबेट. खालची बाजू कात्रीने कापल्यासारखी सरळ दिसते ना, ती जिराफाची करामत, मान पोचते तिथपर्यंत सगळं खाल्लेलं.

व्हिसलिंग थॉर्न, म्हणजे शिट्टी मारणारी बाभूळ, काळ्या मातीत दाट उगवते, फार उंच नाही. काट्यांच्या बुडाशी फुगलेले काळे गोळे असतात, त्यात मुंग्या राहतात. जनावराने फांदीला तोंड लावलं की मुंग्या बाहेर येऊन चावतात, झाड त्यांना राहायला जागा आणि गोड रस देतं. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की बारीक शिट्टी ऐकू येते. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर नाही ऐकू येत.

नदीकाठी मात्र दाट झाडी, उंबराच्या जातीतली मोठी झाडं, आणि सॉसेज ट्री, लांब दुधीसारखी फळं दोरीला लटकवल्यासारखी, मुंबई-पुण्यात बागांमध्ये लावलेलं बघितलं असेल. बिबट्या बघायचा तर या पट्ट्यात आणि फांद्यांवर बघा, शेपूट लोंबताना दिसते आधी. टेकड्यांवर क्रोटनची झुडपं आहेत, काळा गेंडा दिसला तर अशाच झुडपांच्या आसपास, कारण तो गवत नाही, झाडपाला खातो.

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. हा माळ कायम असा नव्हता. १८९० च्या आसपास पूर्व आफ्रिकेत बुळकांडी आली, हो तीच गुरांची बुळकांडी जी आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आठवते, आशियातून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेत पोचली असं मानतात. मसाईंची बहुतेक गुरं मेली, विल्डबीस्ट आणि म्हशी मेल्या, माणसं उपासमारीने आणि देवीने गेली. मसाई त्या काळाला एमुताई म्हणतात, म्हणजे सगळं संपवणारं. चरणारं कोणी उरलं नाही, गवत पेटवणारी माणसं उरली नाहीत, तर तिथे झाडोरा माजला, त्यात त्सेत्से माशी (रक्त पिणारी, झोपेचा आजार पसरवणारी) आली, आणि पुढची काही दशकं मारा हे झुडपांचं रान होतं. नंतर वणवे आणि हत्ती यांनी मिळून झाडं कमी केली, आणि हत्ती अजूनही बाभळीची रोपं उपटून खातात म्हणून रान परत येत नाही. दुसऱ्या बाजूला गुरांना लसी टोचल्या तशी बुळकांडी विल्डबीस्टमधूनही गेली, आणि १९६० च्या सुरुवातीला जेमतेम अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या शेवटी १३ लाखांवर पोचले. आपण ज्याला युगायुगांचं निसर्गचक्र म्हणून हात जोडतो ते या आकारात आपल्या आईवडिलांच्या वयाचं आहे. बुळकांडी जगातून संपली असं २०११ मध्ये जाहीर झालं.

स्टेप ५ : आधी गवत खाणारे, मग त्यांना खाणारे

हरीण या शब्दाने तिथे घोटाळा होतो. चितळ-सांबर जातीचं, दरवर्षी शिंगं गळणारं हरीण तिथे एकही नाही. आहेत ती सगळी काळवीट-नीलगाय-चिंकारा या बाजूची, शिंगं कायमची. इम्पाला, टोपी, कोंगोनी, एलंड, ग्रँट्स गॅझेल, आणि चिंकाऱ्याची चुलत बहीण शोभेल अशी थॉम्सन गॅझेल, कुशीवर काळा पट्टा.

कोण आधी चरतं ते बघा. झेब्रा वरचं जाड, जून गवत खातो, त्याचं पोट घोड्याचं, पटपट खाऊन पटपट बाहेर. मग विल्डबीस्ट, रुंद तोंडाने मधलं गवत कापत जातात. मागून थॉम्सन गॅझेल येऊन खालचे कोवळे कोंब वेचतात. म्हणून कळपात हे सगळे एकत्र दिसले तरी एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत, निदान फारसं नाही.

विल्डबीस्ट वर्षभर गोल फिरतात, हे लक्षात ठेवा, "मायग्रेशन कधी असतं" हा प्रश्नच चुकीचा आहे, ते आत्ता कुठे आहेत हे विचारा. जानेवारी ते मार्च सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतू भागाच्या आसपास, तिथल्या गवताला ज्वालामुखीच्या राखेतली खनिजं मिळतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. मग पश्चिमेकडून वर सरकत जुलै-ऑगस्टला मारा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत. पाऊस पुढेमागे झाला की हेही पुढेमागे, कोणी तारखेची गॅरंटी देत असेल तर दुसरा टूरवाला शोधा. केनियातलाच एक वेगळा, छोटा कळप पूर्वेच्या लोइता माळावरून मारामध्ये यायचा, तो गव्हाची शेती आणि कुंपणांमुळे १९७० च्या दशकानंतर फारच रोडावलाय, त्याच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

आता शिकारी. सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, त्यामुळे दुपारी अकराला सिंह म्हणजे गवतात पडलेली गोणी. पहाटे आणि संध्याकाळी बघा. गीरचा सिंह बघितला असेल तर फरक शोधा, गीरच्याला पोटाखाली कातडीची घडी असते आणि आयाळ कमी. चित्ता दिवसा शिकार करतो, कारण रात्री मोठे लोक हिसकावून घेतात. तरस तिथलं ठिपक्यांचं, आपलं पट्ट्यांचं, आणि त्याला उष्टं खाणारा म्हणून हिणवू नका, आपलं बहुतेक अन्न ते स्वतः मारून खातं, कळपात माद्यांचं राज्य असतं. माराच्या तरसांवर १९८८ पासून सलग संशोधन चालू आहे, एकेक तरस ठिपक्यांवरून ओळखतात. हत्तींमध्ये नर-मादी दोघांनाही सुळे असतात, म्हणून सुळे बघून "हा नर" असं जाहीर करू नका, मी केलं होतं आणि त्या नराला पिल्लू प्यायला लागलं.

स्टेप ६ : नदी

मारा नदी उत्तरेला माऊच्या जंगलात उगम पावते, सुमारे ३९५ किमी वाहून व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. कोरड्या महिन्यांत कायम पाणी असतं ते हिच्यातच, म्हणून वरच्या जंगलात झाडं तुटली की खाली पाण्याचं गणित बिघडतं. केनियाच्या बाजूला नदीत ४ हजारांच्या आसपास पाणघोडे आहेत, रात्री बाहेर येऊन गवत खातात आणि दिवसा पाण्यात शेण टाकतात, त्यावर मासे-किडे जगतात, पण पाणी कमी असताना जास्त झालं की ऑक्सिजन संपून मासे मरतातही.

क्रॉसिंगचं सांगायचं तर, बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. कळप काठावर येतो, थांबतो, मागे फिरतो, परत येतो, चार तास. मगरींनी मारण्यापेक्षा बुडून मरणारे कितीतरी जास्त. २००१ ते २०१५ च्या नोंदींवरून सरासरी काढलीय, वर्षाला ६ हजारांच्या वर. मांस गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे संपवतात, हाडं मात्र विरघळायला सात वर्षं घेतात आणि तेवढी वर्षं नदीला खत पुरवतात. वास येतो, आधीच सांगतोय. आणि कळप काठावर असताना ड्रायव्हरला "पुढे घे, पुढे घे" म्हणू नका, गाड्यांनी वाट अडली की जनावरं उभ्या कड्यावरून उड्या मारतात आणि पाय मोडतात. मारा ट्रँगलमध्ये एका शिकारी प्राण्याजवळ पाचच गाड्यांचा नियम आहे, तो मला फार बरा वाटला.

पक्षी थोडक्यात. साडेचारशेच्या वर जाती. माळढोकाचा मोठा नातेवाईक कोरी बस्टर्ड, लांब पायांनी चालत साप-टोळ शोधणारा सेक्रेटरी बर्ड, नीळकंठाचा जांभळ्या छातीचा भाऊ, मुकुटवाला क्रौंच. नोव्हेंबर ते मार्च युरोपातले पाहुणेही येतात, त्यात तोच माँटेग्यूचा भोवत्या जो थंडीत आपल्या सोलापूरच्या माळांवर दिसतो.

स्टेप ७ : कागद, इंजेक्शन, बॅग

केनियाचा व्हिसा जानेवारी २०२४ पासून गेला, आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) काढायची. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य सेंटरलाच मिळते, आणि पिवळं कार्ड जपून ठेवा, कारण ते नसेल तर आपल्याच एअरपोर्टवर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मारा मलेरियाच्या भागात येतं.

रिझर्व्हची फी परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी-जून १०० डॉलर, जुलै-डिसेंबर २०० डॉलर आहे, तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चं. बदलत असते, बुकिंगआधी बघा आणि पॅकेजमध्ये धरलीय का ते लेखी विचारा. मला एकाने "सगळं इन्क्लुडेड" सांगितलं होतं आणि गेटवर कार्ड काढायला लावलं.

नैरोबीहून रस्त्याने नारोकमार्गे पाच-सहा तास, किंवा विल्सन एअरपोर्टवरून छोटं विमान पाऊण तास. छोट्या विमानाला मऊ बॅगच लागते आणि वजन १५ किलोच्या आसपास. प्लास्टिक पिशव्या देशात २०१७ पासून बंद, त्यामुळे चकलीची पिशवी डब्यात ओता. ड्रोन नेऊ नका. कपडे खाकी-मातकट, गडद निळा आणि काळा नको, त्सेत्से माशी त्याच्यावर येते. जाड जॅकेट एक. दुर्बीण ८ बाय ४२ ची प्रत्येकाला एक, हे मी हट्टाने सांगतो, एका दुर्बिणीत चार जणांचं कुटुंब म्हणजे भांडण.

जेवणाची काळजी नको, बऱ्याच लॉजमध्ये डाळ-भात मिळतो आणि चपाती, चाय हे शब्द स्वाहिलीतही आहेत. जनावरांची नावं पाठ केलीत तर ड्रायव्हर खूश होतो, सिंबा सिंह, दुमा चित्ता, चुई बिबट्या, तेम्बो हत्ती, ट्विगा जिराफ, फिसी तरस, न्युम्बू विल्डबीस्ट.

कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी, छताच्या कडेवर ठेवायला बीन बॅग लागते. ती इथून रिकामी न्या, नारोकला गाडी थांबते तिथे दुकानातून तीन-चार किलो तांदूळ घेऊन भरा, आणि निघायच्या दिवशी ते तांदूळ कॅम्पच्या किचनमध्ये देऊन टाका.